भर दुपारचं ऊन पानाला झेपतं का? (प्रकाशसंश्लेषणाचा वेग कशावर ठरतो)

देठ

मे महिन्यात दुपारी दोनला शेतात उभं राहिलं की वाटतं, पानांची आज चंगळ असणार. ऊन हवं तेवढं. प्रत्यक्षात बऱ्याच पिकांची पानं त्या वेळी जवळजवळ काम थांबवून बसलेली असतात. दिवसाची निम्म्याहून जास्त कमाई सकाळीच होऊन गेलेली असते.

शाळेत पाठ केलेलं समीकरण (कार्बन डायऑक्साइड, पाणी, प्रकाश, मग साखर आणि ऑक्सिजन) खोटं नाही, पण ते वेगाबद्दल काहीच सांगत नाही. मी बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली असायची: जेवढा प्रकाश जास्त तेवढं अन्न जास्त. आपल्याकडच्या हवेत हे फार थोडा वेळ खरं असतं. त्यावर बोलायला हा धागा.

आधी यंत्रणा, थोडक्यात. हरितलवकाच्या (पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणाच्या) आत चकत्यांसारखी पटलं असतात. त्यात बसलेल्या हरितद्रव्यावर प्रकाश पडला की तिथून एक इलेक्ट्रॉन सुटतो. त्याची रिकामी जागा भरायला पाणी फोडलं जातं. मँगनीज आणि कॅल्शियमचा एक छोटासा पुंजका हे काम करतो. पाण्यातला हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉन झाड ठेवून घेतं, ऑक्सिजन बाहेर टाकतं. म्हणजे आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नाही, पाण्यातला आहे. 1941 मध्ये रूबेन आणि केमेन यांनी जड ऑक्सिजन घातलेलं पाणी वापरून हे दाखवलं. इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात एटीपी आणि एनएडीपीएच (ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन पुढे वाहून नेणारे दोन रेणू) तयार होतात. इथवर प्रकाशाचं काम.

पुढचं काम पटलांच्या बाहेरच्या द्रवात चालतं आणि त्याला थेट प्रकाश लागत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, एटीपी आणि एनएडीपीएच खर्चून त्याची साखर करायची. ही साखळी बर्कलीला कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडली. 1961 चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनला मिळालं. कार्बन पकडण्याचं काम करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. सगळी गंमत आणि सगळी रड इथेच आहे. रुबिस्को विलक्षण मंद आहे. बरीचशी विकरं सेकंदाला शेकडो-हजारो रेणू हातावेगळे करतात, हा जेमतेम तीन ते दहा. म्हणून झाडाला तो ढिगाने बनवावा लागतो. अनेक पिकांच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एकटा रुबिस्को असतो. युरिया टाकल्यावर पीक हिरवंगार होतं त्यातला बराचसा नत्र यात आणि हरितद्रव्यात जातो.

आता वेग. 1905 मध्ये ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं की प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, तापमान यांपैकी त्या क्षणी जे सर्वांत अपुरं असेल तेच वेग ठरवतं. बाकीचं कितीही ओता. पहाटे प्रकाश अपुरा असतो. दुपारी दोनला प्रकाश उतू चाललेला असतो आणि अपुरा असतो तो पानाच्या आत पोहोचणारा कार्बन डायऑक्साइड, कारण पाणी वाचवायला पानाने पर्णरंध्रं (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं) मिटून घेतलेली असतात.

बोला मंडळी.

काळीरान

वाचतोय. मी लातूरकडचा, सोयाबीनवाला. आमच्याकडे उलटी तक्रार असते. ऑगस्टात दहा-दहा दिवस आभाळ हटत नाही, सोयाबीन नुसतं उंच जातं आणि फुलं गळतात. तेव्हा तर प्रकाशच कमी पडतो ना?

देठ

@काळीरान, हो, त्या दिवसांत अपुरा असतो तो प्रकाशच. थोडे आकडे देतो. निरभ्र दुपारी पानाच्या कामाचा प्रकाश साधारण 2000 एककं असतो (मायक्रोमोल, दर चौरस मीटरला, दर सेकंदाला). सोयाबीनचं एकेकटं पान 600 ते 1000 च्या दरम्यानच तृप्त होतं. त्यापुढचं ऊन ते उष्णता करून सोडून देतं. गच्च ढगाळ दिवशी मात्र 2000 चे 300-400 वर येतात, मग प्रत्येक किरण मोलाचा.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, वर बोललो ते एका पानाबद्दल. पूर्ण झाडाचं गणित निराळं आहे, कारण खालची पानं भर उन्हातही सावलीत असतात. विरळ ढगांतून येणारा प्रकाश चहूबाजूंनी येतो, खालपर्यंत शिरतो. त्यामुळे हलकं आभाळ पिकाला तितकंसं मारत नाही. गच्च आभाळ मारतं. दुसरी, झड लागली की जमिनीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, आणि मुळं गुदमरली की पान रंध्रं मिटतं. चोहीकडे पाणी आणि पान वागतंय दुष्काळात असल्यासारखं! अशा झडीत सोयाबीन पिवळंही पडतं, ते एकट्या आभाळामुळे नाही. मुळांवरच्या गाठी काम थांबवतात, नत्रही तुटतो. रुंद सरी-वरंब्यावर पेरलेलं सोयाबीन अशा वेळी तग धरतं ते त्यामुळेच.

आडसाली

आमच्या कोल्हापूरकडं ऊस असतोय. तुम्ही म्हणताय दुपारी पान काम बंद करतंय, पण ऊस तर एप्रिल-मेमध्ये पाणी असलं की नुसता सुसाट सुटतो बघा. दुपारी पान गुंडाळलेलं दिसलं तर समजायचं पाण्याला उशीर झाला. पाणी भरपूर असल्यावर ऊन त्याला काय करत न्हाई. ह्याचं काय?

देठ

@आडसाली, हा प्रश्न यावा अशीच इच्छा होती.

रुबिस्कोची दुसरी खोड सांगायची राहिली. त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत नीट फरक करता येत नाही. 25 अंशाला साधारण तीनदा बरोबर रेणू पकडला की एकदा ऑक्सिजन पकडतो. चुकून पकडलेला माल निस्तरायला झाडाला हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि मायटोकाँड्रिया अशा तिन्ही ठिकाणी फिरवाफिरव करावी लागते, आणि त्यात आधी पकडलेला थोडा कार्बन डायऑक्साइड परत हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढलं की ही चूक वाढते. पाण्यात कार्बन डायऑक्साइडची विद्राव्यता ऑक्सिजनपेक्षा झपाट्याने घटते, आणि रुबिस्कोची निवडही ढिली पडते. रंध्रं मिटलेली असली तर आणखीच वाईट, कारण आतला कार्बन डायऑक्साइड संपत येतो आणि ऑक्सिजन तसाच राहतो. शिवाय रुबिस्कोला चालू अवस्थेत ठेवणारं एक मदतनीस विकर आहे, तेही पस्तीस-चाळीस अंशांकडे कोलमडू लागतं.

उसाने यावर तोड काढलेली आहे. त्याच्या पानात शिरांभोवती मोठ्या पेशींचं कडं असतं आणि रुबिस्को त्या कड्यातच असतो. बाहेरच्या पेशी आधी दुसऱ्याच विकराने (पेप कार्बोक्सिलेज) कार्बन पकडतात. या विकराला ऑक्सिजनची भुरळ पडत नाही. पहिला पदार्थ चार कार्बनांचा बनतो, म्हणून सी-4. तो आतल्या कड्यात नेऊन सोडतात, तिथे कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या कित्येक पट होतं आणि रुबिस्कोला चुकायला वावच राहत नाही. ही गोष्ट पहिल्यांदा उसातच लक्षात आली. हवाईमधल्या ऊस संशोधकांना पहिला पदार्थ चार कार्बनी दिसला, आणि 1966 मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ऑस्ट्रेलियात पूर्ण मार्ग मांडला.

ज्वारी, बाजरी, मका हे तुमच्या उसाचे भाऊबंद. गहू, भात, सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस, द्राक्ष, आंबा हे सगळे सी-3, म्हणजे रुबिस्कोनेच थेट कार्बन पकडणारे, पहिला पदार्थ तीन कार्बनांचा.

पाण्याचा हिशोबही बघा. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायला सी-3 पान साधारण 400 ते 500 रेणू पाणी उडवतं, सी-4 त्याच्या निम्मं. सोलापूरकडे रब्बी ज्वारी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर निघते त्यात काळ्या मातीचा वाटा आहे तसा याचाही आहे. (ऊस पाणी फार पितो तो वर्ष-दीड वर्ष उभा असतो म्हणून. पाण्याच्या थेंबामागे कोरडा माल मोजला तर ऊस उधळ्या नाही. यावर इथे वाद नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढा!)

आडसाली

वाद घालत न्हाई 😀 पण मग सगळ्याच झाडांनी ही युक्ती का नाही उचलली? आणि थंडीत ऊस का थांबतो?

देठ

कारण युक्ती फुकट नाही. दर कार्बन डायऑक्साइडमागे दोन एटीपी जास्त मोजावे लागतात. उन्हात प्रकाश मुबलक, तिथे परवडतं. सावलीत किंवा थंडीत प्रकाशश्वसन मुळातच कमी, मग हा जादा खर्च अंगावर येतो. म्हणून गहू हिवाळ्यात सुखात असतो, आणि ऊस पारा 20 अंशांखाली गेला की हळू होतो, आणखी उतरला की थांबतो.

पण थांबते ती वाढ. पान दिवसा थोडीफार साखर करतच राहतं, ती खर्चायला नवी कांडी नाही, नवं पान नाही, मग ती उसात साठते. कारखान्याचा उतारा (उसामागे निघणारी साखर) थंडी पडल्यावर चढतो तो असा.

सुगरण_माई

मला शेतीतलं कळत नाही, पण एक विचारू का? लाल माठाचं पान तर लालच असतं. मग ते अन्न कशाने करतं?

टेक्सासचा_बंड्या

@सुगरण_माई, हरितद्रव्य असतं हो, लाल रंगाखाली झाकलेलं. भाजी उकळताना पाणी लाल होतं ना? तो रंग पाण्यात उतरणारा आहे, हरितद्रव्य नाही. थोडा वेळ उकळून पानं निथळून बघा, हिरवट दिसतील.

देठ

बरोबर. आणि माई, माठ, राजगिरा हे सी-4 आहेत! पालेभाज्यांत ही चैन थोड्यांचीच. उन्हाळ्यात पालक-मेथी रडतात आणि माठ तरारतो, त्यामागे हे एक कारण. घोळ तर त्याहून अवलिया. ती सी-4 आहेच, पण पाण्याचा ताण पडला की रात्री कार्बन साठवायची निवडुंगांची पद्धतही वापरते. एका रोपात दोन्ही सोयी असणं फार दुर्मिळ.

त्याच कारणाने हरळी आणि लव्हाळा तापलेल्या रानात तुमच्या सी-3 पिकाला मागे टाकतात. दोन्ही सी-4.

सुगरण_माई

घोळीची भाजी आता मानाने करीन 😄

शंकेखोर

रात्री कार्बन साठवायची पद्धत म्हणजे पिंपळासारखीच ना? पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला पूजनीय मानलं. हे विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे.

देठ

@शंकेखोर, पिंपळाला पूजनीय मानायला माझी ना नाही. पण रात्री ऑक्सिजन कोणतंच झाड देत नाही. पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय ते बघा: ऑक्सिजन पाणी फुटल्यावर निघतो आणि पाणी फुटायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळ, तुळस, वड, सगळी झाडं आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात.

रात्रीची जी पद्धत आहे तिला कॅम म्हणतात. कोरफड, घायपात, अननस, ड्रॅगन फ्रूट, निवडुंग ही तिची मंडळी. ही झाडं रात्री गारव्यात रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन तो मॅलिक आम्लात साठवतात, आणि दिवसा रंध्रं मिटून घेऊन त्याची साखर करतात. रात्री त्यांच्याकडून ऑक्सिजन मिळत नाही, मिळतो तो दिवसाच. फक्त पाण्याची बचत जबरदस्त होते.

याची एक फार जुनी नोंद आपल्याच देशातली आहे. बेंजामिन हाइन यांनी 1815 मध्ये कळवलं होतं की पानफुटीचं पान पहाटे आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्ची पडतं, तेच जिभेला कळतं.

शंकेखोर

मग रात्री झाडाखाली झोपू नये म्हणतात ते तरी खरं का?

देठ

उघड्यावर असाल तर झाडाच्या श्वासाने काही होत नाही. शेजारी घोरणारा माणूसही कार्बन डायऑक्साइड सोडतोच. फांदी आणि विंचू-काटा यांची काळजी घ्या.

टेक्सासचा_बंड्या

याच मुद्द्यावर एक हिशोब. इकडे आमच्या देशी मंडळींच्या घरोघरी बेडरूममध्ये स्नेक प्लांट आहे, "ऑक्सिजनसाठी". माणसाला दिवसाला अंदाजे 550 लिटर ऑक्सिजन लागतो. चांगल्या उन्हात, खाऊनपिऊन सुखी असलेलं एक चौरस मीटर पान सेकंदाला 10 मायक्रोमोल कमाई करतं असं धरू. दहा तासांत झाले 0.36 मोल, म्हणजे साडेआठ लिटरच्या आसपास. एका माणसाला भागवायला साठ-पासष्ट चौरस मीटर पान हवं, तेही दिवसभर उन्हात. खोलीतल्या उजेडात वेग याच्या दहाव्या हिश्श्यावर आला तर तेही नशीबच. आणि स्नेक प्लांट कॅमवालं, स्वभावानेच मंद. कुंडी शोभेला ठेवा, जरूर ठेवा.

हरितगृह

मावळात पॉलिहाऊसमध्ये जरबेरा आहे. एका विक्रेत्याने कार्बन डायऑक्साइडची सिलिंडरं लावा, फुलं वाढतील म्हणून गळ घातली. नेदरलँड्समध्ये म्हणे सगळे लावतात.

देठ

नेदरलँड्समध्ये लावतात हे खरं. बंद काचघरात ते कार्बन डायऑक्साइड 800 ते 1000 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) नेतात. बाहेरच्या हवेत सध्या 420 च्या वर आहे. सी-3 पिकाला याचा चांगला फायदा होतो, कारण रुबिस्कोची चूक कमी होते. पण तिथलं काचघर थंडीत दिवसभर बंद असतं. तुमचं पॉलिहाऊस दहा वाजता पडदे उघडलं नाही तर आत भट्टी होईल. पडदे उघडे म्हणजे सिलिंडरचा गॅस मावळच्या डोंगरांना.

एक गोष्ट मात्र फुकटात तपासा. रात्रभर बंद असलेल्या पॉलिहाऊसमध्ये पहाटे झाडांच्या आणि मातीच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, आणि ऊन आल्यावर पानं तो झपाट्याने संपवतात. त्यानंतरही पडदे बंद राहिले तर आतली पातळी बाहेरच्याही खाली जाते. तुम्ही ऊब धरून ठेवता आणि पीक उपाशी राहतं. सकाळी पडदे वेळेवर उघडणं हाच तुमचा कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा.

हरितगृह

हिवाळ्यात आम्ही नऊ-साडेनऊपर्यंत बंदच ठेवतो. उद्यापासून लवकर उघडून बघतो.

देठ

एकदम सताड नको, वरची झडप आधी. जरबेराला थंड वाऱ्याचा झोत नको.

द्राक्षवेल

निफाडहून. आमच्याकडे या विषयावर दर वर्षी रडारड असते, फक्त नाव वेगळं. एप्रिल छाटणीनंतर मे-जूनमध्ये आभाळ राहिलं की सूक्ष्म घडनिर्मिती (डोळ्याच्या आत पुढचा घड तयार होणं) बोंबलते. मग ऑक्टोबर छाटणीनंतर घड येतच नाहीत, आले तर गोळी घड, आणि त्यात पुन्हा ढगाळ गेलं तर असलेले घड जिरतात. हे सगळं प्रकाशसंश्लेषणच का?

देठ

@द्राक्षवेल, मोठा भाग तोच. डोळ्याच्या आत घड तयार होत असताना त्याला साखरेचा पुरवठा लागतो आणि थेट त्या डोळ्यावर, आजूबाजूच्या पानांवर उजेड लागतो. ऑक्टोबरनंतर सुरुवातीला नवी फूट स्वतः कमावती नसते, आधी साठवलेल्यावर जगते. साठा कमी आणि आभाळ, दोन्ही एकत्र आले की वेल घड सोडून देते आणि शेंडा जगवते.

सूर्याचं तुम्ही काही करू शकत नाही, मांडवाखालच्या अंधाराचं करू शकता. वरचा एक थर पान प्रकाशाचा ऐंशी-पंच्याऐंशी टक्के भाग गिळतं. त्याखालच्या पानाला उरलेल्यातलं, आणि तिसऱ्या थराला जवळपास काहीच नाही. तो तिसरा थर श्वसनाने साखर खातो आणि देत काही नाही. फुटींची विरळणी वेळेवर केली तर तेवढ्याच पानांत कमाई वाढते. घडामागे पंधरा-सोळा पानं ठेवा असं सगळे सांगतात, पण ती उजेडातली पानं हवीत. मांडवाखाली दडलेली पानं त्यात मोजू नका.

काळीरान

देठसर, हे सगळं वाचून एक विचारतो. दुकानात "प्रकाशसंश्लेषण वाढवणारं" म्हणून टॉनिकच्या बाटल्या असतात. लिटरला हजार-बाराशे. मारावं का?

देठ

बाटलीत काय आहे ते वाचा. मॅग्नेशियम, लोह, नत्र, मँगनीज असं काही असेल आणि तुमच्या पिकात तेच कमी असेल तर फरक दिसेल. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, म्हणून खालची पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होतात. लोह झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. चुनखडीच्या रानात लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. उसावर, भुईमुगावर केवडा पडला म्हणतात तो बहुधा हाच. तिथे फेरस सल्फेटची साधी फवारणी स्वस्तात काम करते. पालाश कमी असेल तर रंध्रांची उघडझापच बिघडते, कारण ती पेशीत पालाश आत-बाहेर करूनच चालते.

यातलं काहीच कमी नसेल तर बाटली तुमच्या खिशाचं संश्लेषण करेल. आधी माती आणि पान तपासून घ्या.

आडसाली

शेवटचं वाक्य फ्रेम करून दुकानात लावायला पायजे.

खडीफोड

आमची आंब्याची बाग खडी क्रशरच्या वाऱ्याला आहे. पानं वर्षभर पांढरी. मोहोर येतो पण फळ धरत नाही. धुळीने वेग किती कमी होतो?

देठ

टक्का सांगणं धुळीच्या थरावर आहे, पण नुकसान तिहेरी होतं. प्रकाश अडतो. आंब्याची रंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात म्हणून ती थोडी वाचतात, तरी बारीक धूळ तिथेही बसते. आणि धूळ बसलेलं पान जास्त तापतं. फळ न धरण्याला तुडतुडे, भुरी, परागीभवन अशी दुसरी कारणंही असू शकतात, तेव्हा सगळं क्रशरवर ढकलू नका. उन्हाळ्यात पाणी असेल तर फवारणी यंत्राने साध्या पाण्याने पानं धुऊन काढा, पण फुलोऱ्यात नको. वाऱ्याच्या बाजूला दाट कुंपण, सुबाभूळ किंवा बांबू. आणि ग्रामपंचायतीत लेखी तक्रार.

टेक्सासचा_बंड्या

डाळिंबावर लोक मुद्दाम पांढरी माती मारतात हे कसं मग? सांगोल्याला मामाच्या बागेत बघितलंय.

देठ

केओलिन. तिथे हेतू वेगळा. एप्रिल-मेच्या उन्हात फळं भाजतात, चट्टे पडतात. पांढऱ्या लेपाने ऊन परतवलं की फळ आणि पान थोडं थंड राहतं. प्रकाश घटतो हे खरं, पण तेव्हा प्रकाश जास्तीचाच असतो, म्हणून कमाईत फारसं नुकसान होत नाही. उलट पान थंड राहिल्याने कधी कधी फायदा होतो. हेच पावसाळ्यात मारलं तर तोटा.

टेक्सासचा_बंड्या

आणि यात सुधारणा करता येईल का? सौर पॅनेल वीस टक्के ऊर्जा पकडतं. पानाचं काय?

देठ

सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी सी-3 पिकाची सैद्धांतिक कमाल साधारण 4.6 टक्के आणि सी-4 ची 6 टक्के धरतात. शेतात याच्या निम्मं मिळालं तरी डोक्यावरून पाणी. पण पॅनेलशी तुलना जरा अन्यायाची आहे. पॅनेल वीज करतं. पान स्वतःला बांधतं, दुरुस्त करतं, वर साठवायचं इंधनही देतं.

सुधारणेचे प्रयत्न दोन-तीन दिशांनी चाललेत. अमेरिकेत इलिनॉयच्या गटाने तंबाखूत प्रकाशश्वसनाला आडवाट काढून दिली, 2019 मध्ये शेतातल्या चाचणीत जैवभार (झाडाचा एकूण कोरडा माल) 40 टक्क्यांपर्यंत वाढल्याचं दाखवलं. त्याच मंडळींनी 2022 मध्ये सोयाबीनवर काम प्रसिद्ध केलं. ऊन-सावली बदलताना पान जादा ऊर्जा सोडून द्यायची झडप बंद करायला वेळ लावतं, तो वेळ त्यांनी कमी केला. भातात सी-4 यंत्रणा बसवायचाही मोठा प्रकल्प बरीच वर्षं चालू आहे, पण पानाची रचनाच बदलायची म्हणजे खायचं काम नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय म्हणून सी-3 पिकांना आपोआप फायदा होईल असं म्हणणारेही आहेत. वाढ थोडी होते, पण गहू-भाताच्या दाण्यातली प्रथिनं, जस्त आणि लोह घटतात. शिवाय सोबत येणारं तापमान तो फायदा खाऊन टाकतं.

दहावीची_आई

सगळं वाचलं, निम्मं कळलं. लेकीला शाळेत हायड्रिलाचे बुडबुडे मोजायचा प्रकल्प आहे. दिवा जवळ नेला की बुडबुडे वाढायला हवेत, पण आमच्याकडे आधी वाढतात आणि मग कमीच होतात. बाई म्हणाल्या प्रयोग चुकला.

देठ

@दहावीची_आई, प्रयोग चुकलेला नाही. तुमच्या घरी ब्लॅकमन आलेत. दोन शक्यता आहेत. साधा पिवळा बल्ब असेल तर जवळ नेल्यावर पाणी तापतं. एलईडी वापरा, किंवा दिवा आणि भांड्याच्या मध्ये काचेची सपाट पाण्याची बाटली ठेवा, आणि पाण्यात थर्मामीटर बुडवून दर वेळी आकडा लिहा. दुसरी शक्यता, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपला. चिमूटभर खायचा सोडा टाका. बुडबुडे पुन्हा वाढले तर तेच अपुरं होतं. सोडा टाकून आणि न टाकता असे दोन आलेख काढायला सांगा. सोडा न टाकलेला आलेख लवकर सपाट होईल. बाईंना तोच दाखवा.

मोजायच्या आधी दिवा हलवल्यावर चार-पाच मिनिटं थांबायचं. बुडबुड्यांचा आकार सारखा नसतो म्हणून शक्य असेल तर उलट्या परीक्षानळीत वायू गोळा करून उंची मोजणं जास्त बरं.

आणि तिला सांगा की जगदीशचंद्र बोसांनीही हायड्रिलावरच प्रयोग केले होते. 1924 मध्ये त्यांचा प्रकाशसंश्लेषणावरचा ग्रंथ आला. उन्हाळ्यातली हायड्रिला वेगळी वागते, तिच्यात मॅलिक आम्ल साठतं, हे त्यांना दिसलं होतं. पुढे कित्येक दशकांनी कळलं की गरम आणि कार्बन डायऑक्साइड कमी असलेल्या पाण्यात हायड्रिला सी-3 सोडून सी-4 पद्धतीवर येते, तेही उसासारखं पेशींचं कडं नसताना, एकाच पेशीत.

दहावीची_आई

म्हणजे जानेवारीत आणि मेमध्ये तोच प्रयोग केला तर आकडे वेगळे येतील?

देठ

यायला हवेत. पण निष्कर्ष काढायच्या आधी दोन्ही वेळा पाण्याचं तापमान सारखं ठेवा, नाहीतर फरक ऋतूचा की गरमीचा ते कळणार नाही. हायड्रिला मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. आणल्यावर एक दिवस साध्या पाण्यात उजेडात ठेवा, दांडा पाण्याखालीच तिरका कापा. उरलेली नदी-नाल्यात टाकू नका, भयंकर पसरते.